आजीचं आयुष्य लिहून ठेवताना: श्रद्धा, घर आणि सेवा यांची नोंद कशी करावी

आजीच्या अंत्यविधीला मी पाच मिनिटं बोललो. प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील, सगळ्यांच्या मदतीला धावणारी. रात्रभर जागून लिहिलं होतं. उपासना संपल्यावर एक बाई जवळ आल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. म्हणाल्या, "छान बोललास. पण हे कुणाच्याही आजीबद्दल चाललं असतं रे. चाळिशीत मला तिने माझा हात धरून माझं नाव लिहायला शिकवलं. ते नाही सांगितलंस?"

कुठून सांगणार? मला माहीतच नव्हतं. पुढचं दीड वर्ष मी माणसांना भेटत, कागद चाळत आजीची एक वही तयार केली. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमची आजी हयात असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा फार पुढे आहात.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण सगळी पद्धत तिच्यावरच उभी आहे. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय ९. यापो गावची टबीथा, म्हणजेच दुर्कस, आजारी पडून मरण पावते. येशूचा शिष्य पेत्र येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि दुर्कसने केलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. ती किती चांगली होती यावर कोणी भाषण करत नाही. कपडे पुढे धरतात, बस. (पुढे पेत्र तिला उठवतो. ते आपल्या हातात नाही.) लिहिताना मी हाच नियम धरला. विशेषण सुचलं की स्वतःला विचारायचं, याचा अंगरखा कुठे आहे? नसेल तर विशेषण खोडायचं.

१. कोणासाठी आणि किती, ते ठरवा

तीन वेगळी कामं आपण एकात कोंबतो. एक, अंत्यविधीत किंवा स्मरणाच्या उपासनेत बोलायची चार-पाच मिनिटं. दुसरं, घरात नातवंडांच्या मुलांपर्यंत टिकेल अशी वही. तिसरं, मंडळीच्या (म्हणजे तिच्या चर्चच्या) स्मरणिकेसाठी पानभर मजकूर. पहिल्यात एखाद-दोन प्रसंग पुरतात. दुसऱ्यात तारखा, नाती, रुसवेफुगवे, सगळं हवं. तिसऱ्यात तिच्यापेक्षा तिने केलेल्या कामाला जास्त जागा द्यावी लागते. वही आधी झाली तर बाकीची दोन्ही तिच्यातून निघतात, उलटं होत नाही. अंत्यविधी उद्यावरच आला असेल तर मात्र वहीचा विचार बाजूला ठेवा आणि एकच प्रसंग नीट सांगा.

२. आजी आहे तोवर: बसा आणि ऐका

"आजी, तुझ्या श्रद्धेविषयी सांग ना," असं विचारलं की आजी उपदेश देते. तिने आयुष्यभर ऐकलेले उपदेशच आपल्याला परत मिळतात. त्याऐवजी एक दिवस विचारा. सकाळी आधी उठायचं कोण? प्रार्थना कुठे बसून व्हायची, खुर्चीत, पलंगाच्या कडेला, की चुलीपुढे? मोठ्याने की मनात? मुलं मध्ये बोलली तर? तुझ्या आईला तू प्रार्थना करताना पाहिलं होतंस का? प्रार्थना करावीशी वाटलीच नाही असं कधी झालं का?

तो शेवटचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. पण विचारा नक्की. श्रद्धेची खरी कहाणी बहुतेक वेळा तिथे असते, आणि ती विचारण्याचं धाडस घरात कोणी केलेलं नसतं.

रेकॉर्डिंगसाठी फोन पुरेसा आहे. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या कापडावर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर थेट ठेवलात तर प्रत्येक ठोका रेकॉर्ड होतो. सुरुवातीला तारीख, तिचं नाव आणि तुमचं नाव बोला. वीस वर्षांनी फाइलचं नाव बदललेलं असेल, आवाज तेवढा राहील. एका वेळी पाऊण तासापेक्षा जास्त नको. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जा. पहिल्या भेटीत निसटलेली नावं दुसऱ्या भेटीत आपोआप येतात.

तिच्या हातात काहीतरी द्या. जुना फोटो, गीतपुस्तक, जपमाळ, लग्नाचा दाखला. नुसत्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर येतं, फोटो दिला की अर्धा तास बोलते. आणि ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प राहा. माझ्या मावशीच्या रेकॉर्डिंगमध्ये दर शांततेला माझाच आवाज आहे: "हं, मग?" प्रत्येक वेळी ती काहीतरी सांगणार होती, आणि मी तिला दुसरीकडे नेलं.

एक पथ्य. गीत गाऊन दाखव म्हणायला हरकत नाही, चाल जपण्यासाठी ते हवंच. पण ती प्रार्थना करत असताना न सांगता रेकॉर्ड करू नका. ते बोलणं तिचं देवाशी असतं, आपल्याशी नव्हे.

३. ती गेली असेल तर: वस्तू वाटण्याआधी आठ दिवस थांबा

घर आवरायची घाई होते. कपाट रिकामं करणारे हात प्रेमाचेच असतात, पण पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, पडणाऱ्या चिठ्ठ्या त्याच हातांनी कचऱ्यात जातात. घरच्यांना स्पष्ट सांगा: पवित्र शास्त्र, गीतपुस्तकं, डायऱ्या, पत्रं, पावत्या, मंडळीची वर्गणीची कार्डं, महिला मंडळाच्या वह्या, यातलं काही झटकू नका, पुसू नका, लगेच वाटूही नका.

मग एका दिवशी खिडकीजवळ बसून एकेका पानाचा फोटो काढा. फ्लॅश नको, फोन पानाला समांतर. मध्ये चिठ्ठी असेल तर आधी ती जागेवर असताना फोटो, मग उचलून पुढून-मागून. ती कोणत्या पानात होती हे चिठ्ठीवर काय लिहिलंय याइतकंच महत्त्वाचं. खुणा केलेली वचनं वेगळ्या कागदावर उतरवा. समासात तारीख असेल तर ती घरातल्या तारखांशी ताडून पाहा. माझ्या आजीच्या पुस्तकात स्तोत्र ७१ च्या शेजारी एक तारीख होती. माझे काका त्या दिवशी घर सोडून गेले होते. घरात त्याविषयी कधी कोणी बोललं नव्हतं.

पण खरा खजिना गीतपुस्तक निघालं. शेवटच्या कोऱ्या पानावर तिने मंडळीतल्या वीस-बावीस जणांची नावं लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे एका गीताचा क्रमांक. मला वाटलं आवडती गीतं असतील. आईने पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही ज्याच्या-त्याच्या अंत्यविधीची गीतं आहेत." आजारी माणसाजवळ बसायला जायची तेव्हा ती हे विचारून ठेवायची. इतर कोणी विचारणार नाही म्हणून. काही नावांवर बारीक रेघ होती. सर्वांत खाली तिचं स्वतःचं नाव, एक क्रमांक खोडलेला, दुसरा लिहिलेला आणि पुढे पेन्सिलीने: "तीनच कडवी. चौथं फार उंच जातं."

"आजाऱ्यांच्या भेटीला जायची" असं मी भाषणात म्हटलं होतं. हे पान त्याचा अंगरखा होता. हे पान आम्हाला अंत्यविधीनंतर नऊ आठवड्यांनी सापडलं.

४. दुर्कसच्या विधवा शोधा

घरच्यांना आजी घरातली माहीत असते. सेवा झालेली असते घराबाहेर. त्यामुळे बाहेरच्या दहा माणसांची यादी करा: रविवारच्या शाळेतले तिचे विद्यार्थी, महिला मंडळातल्या मैत्रिणी, चर्चमध्ये झाडलोट करणारं माणूस, शेजारी (दुसऱ्या धर्माचे असतील तर जास्तच बरं, ते मंडळीच्या भाषेत बोलत नाहीत), तिच्या हाताखाली काम शिकलेली मुलगी, जिच्याशी तिचं पटत नव्हतं अशी एक तरी बाई.

प्रत्येकाला तेच तीन प्रश्न:
- ती तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटली?
- तिने केलेली कोणती गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहिली?
- तिचं काय खटकायचं?

तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी कानावर हात ठेवतात, मग हसतात, आणि त्यानंतर जे सांगतात त्यात माणूस दिसतं. आजी रविवारच्या शाळेत पाठांतराबाबत इतकी कडक होती की एक विद्यार्थी, आता साठीचा, स्तोत्र २३ आजही तिच्या छडीच्या तालावर म्हणतो. ते त्याने मला म्हणून दाखवलं. छडी टेबलावर आपटायची, पोरांवर नाही, हेही त्याने आवर्जून लिहायला लावलं.

५. डाव्या हाताचा प्रश्न

इथे मी बराच काळ अडलो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. आजीने आयुष्यभर ते पाळलं. मग आपण छापून जाहीर करायचं? तिने ज्याला फीचे पैसे दिले, त्याच्या मुलाबाळांच्या हाती ती वही पडली तर?

मी काढलेला मार्ग असा. घेणारा स्वतः सांगत असेल, तर त्याच्या शब्दांत आणि त्याच्या परवानगीने लिहायचं. आपल्याला फक्त आजीच्या हिशोबाच्या वहीतून कळलं असेल, तर नाव आणि रक्कम दोन्ही गाळायची. "दर जूनमध्ये एक आकडा असायचा, त्यापुढे कधीच नाव नसायचं," एवढं पुरतं. नाव न लिहिणं ही तिचीच सवय होती, ती आपण मोडायची नाही. ज्या बाईंनी नाव लिहायला शिकल्याचं सांगितलं, त्यांना मी विचारलं, तुमचं नाव घालू का? म्हणाल्या, "घाल की. तेच तर शिकले."

६. चर्चच्या नोंदवह्या

घरातल्या तारखा चुकतात. आजीचा जन्मदिवस म्हणून आम्ही पन्नास वर्षं जो दिवस पाळला, तो तिच्या बाप्तिस्म्याचा निघाला. त्यामुळे एक फेरी नोंदींसाठी हवीच.

ही नोंद ठेवण्याची शिस्त जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला (स्थानिक चर्चच्या हद्दीला) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम निघाला. कॅथोलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना विवाहांची वही ठेवणं सक्तीचं केलं, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने अशा वह्यांचे नमुनेच घालून दिले. म्हणून आजीचा गाव, पंथ किंवा देश कोणताही असो, कागद असण्याची शक्यता चांगली असते.

आजी कॅथोलिक असेल तर पहिलं लक्ष्य बाप्तिस्म्याची नोंद. तीत आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावं मिळतात, आणि चर्चच्या नियमानुसार पुढे झालेलं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी) आणि विवाह यांचीही टीप त्याच नोंदीला जोडली जाते. एका ओळीत अर्धं आयुष्य. बालबाप्तिस्मा मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतही अशी वही असते. ज्या मंडळ्या विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देतात तिथे मात्र ती तारीख जन्माविषयी काही सांगत नाही, निर्णयाविषयी सांगते. तिथे सभासदत्वाचं रजिस्टर आणि बदलीची पत्रं मागा. लग्नानंतर ती एका मंडळीतून दुसरीत गेली असेल तर त्या पत्रावर माहेरचं नाव सापडू शकतं.

ऑफिसात जाताना लेखी अर्ज न्या: तिचं बाप्तिस्म्याचं नाव, माहेरचं आडनाव, अंदाजे वर्ष, तुमचं नातं. वहीचा परस्पर फोटो काढू नका, त्याच पानावर इतरांच्याही घरच्या गोष्टी असतात. उतारा मागा. नावाची स्पेलिंगं तीन-तीन प्रकारची सापडतील. सगळी लिहून ठेवा, "बरोबर" करत बसू नका.

७. लिहायला बसल्यावर

आधी एक कोरा तक्ता करा: वर्ष, घरात काय घडलं, मंडळीत काय घडलं, हे कुठून कळलं. चौथा रकाना टाळू नका. "आई सांगते" आणि "रजिस्टरमध्ये आहे" यात फरक आहे, आणि पुढे कोणी भांडलं तर हाच रकाना वाचवतो.

नीतिसूत्रे ३१ मधलं सद्गुणी स्त्रीचं वर्णन सगळेच वापरतात. मीही वापरणार होतो. पण एकदा सावकाश वाचून पाहा: ती लोकर आणि ताग मिळवते, शेत पाहून विकत घेते, रात्र असतानाच उठते, दुबळ्यासाठी हात पुढे करते. क्रियापदंच क्रियापदं. शिवाय मूळ हिब्रूत १० ते ३१ या बावीस ओळी वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. आम्ही ती युक्ती उचलली. प्रत्येक नातवंडाला दोन-तीन अक्षरं वाटली आणि त्या अक्षराने सुरू होणारं, आजीने केलेलं एक काम लिहायला सांगितलं. "ण" कोणी घेईना. शेवटी सर्वांत धाकट्या नातीने लिहिलं, "ण ने काही सुरू होत नाही, पण आजीने मला तो काढायला शिकवला."

वचनं पेरू नका. तिने ज्याखाली रेघ मारली होती ते एक घ्या. फार तर दुसरं, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं, जिथे प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण करून देतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये आजीसाठीचा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. आज्यांना जागा कमीच मिळालेली दिसते.

दोष गाळायचे का? संत ऑगस्टीनने आई मोनिकाविषयी लिहिलं ते पाहा. ती ३८७ मध्ये ऑस्टिया बंदरात, वयाच्या ५६ व्या वर्षी वारली. मुलगा तिच्यावर प्राण टाकणारा, तरीही त्याने लिहून ठेवलं की मुलगी असताना पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवलं की ती आधी घोट घोट चाखायची, मग पेलाभर प्यायला लागली, आणि घरातल्या दासीने "दारुडी" म्हणून हिणवलं तेव्हा ती सवय सुटली. सोळाशे वर्षांनंतरही मोनिका जिवंत वाटते ती त्या घोटांमुळे. आपल्या आजीचा हट्ट, अबोला, एका सुनेशी दोन मापं लावणं, हे आलंच पाहिजे. फक्त ज्याला ते लागलं त्याला आधी वाचायला द्या.

जिवंत माणसाचं गुपित मात्र आजीच्या नावाखाली उघडं करू नका. काकांच्या घर सोडण्याबद्दल मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तारीख लिही, कारण लिहू नको." वहीत तेवढंच आहे.

८. भांडणं होतील

पवित्र शास्त्र कोणाकडे राहणार यावर होतील. सगळ्या पानांचे फोटो सगळ्यांना दिलेत की धार कमी होते. आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, नावासकट.

९. जपून ठेवणं

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि चिकट डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. पानांत वाळलेलं फूल असेल तर फोटो काढून वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. फोटोच्या पाठीवर नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा ठसा पुढून दिसतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, जागेवरच प्रत काढा. स्कॅनला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), पासपोर्टएवढ्या फोटोंना ६००.

फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि एक छापील प्रत, कारण पासवर्ड माणसाबरोबर जातो.

१०. उपासनेत वाचायचं असेल तर

आधी पाळकांना किंवा फादरना विचारा, जागा कुठे आणि वेळ किती. कॅथोलिक अंत्यविधीत प्रवचन हे गेलेल्या माणसाचं गुणगान नसावं असा नियम आहे. घरच्यांचे दोन शब्द असतील तर ते कम्युनियननंतर (पवित्र भाकर घेण्याच्या विधीनंतर), अंतिम निरोपाच्या विधीआधी येतात. पाच मिनिटांत सावकाश वाचून पाचशेच्या आसपास शब्द होतात. मोठ्या अक्षरात छापा, एकदा मोठ्याने वाचून पाहा, आणि गळा भरून आलाच तर पुढे वाचायला दुसरी प्रत दुसऱ्या कोणाच्या हातात ठेवा.

पहिल्या वर्षाच्या स्मरणाला मी विशेषणांशिवाय बोललो. गीतपुस्तकातलं शेवटचं पान वाचून दाखवलं, त्या बाईंनी उठून फळ्यावर आपलं नाव लिहिलं, आणि मग आजीचं गीत घेतलं. तीन कडवी, हे मी पाळकांना आठवणीने सांगितलं होतं. पेटी वाजवणाऱ्याला सांगायचं राहिलं. तुम्ही दोघांनाही सांगा. तिसरं कडवं संपताच पहिल्या दोन बाकांवरचे आम्ही सगळे खाली बसलो, पेटी चौथ्यात शिरली, आणि मागची अख्खी मंडळी त्या उंच सुरापाशी जाऊन अडखळली.